प्रेम विचारू नकोस, मंगळवार विचार

अगं, सगळ्यात आधी भिंगरीला घर मिळावं म्हणून लिहिलेल्या त्या जाहिरातीतलं 'अतिशय गोड, शांत आणि समंजस' हे खोड. गोड आहे, मान्य. पण शांत? आपली भिंगरी? फोनवर तुझ्या मागे धाडधाड काय पडत असतं ते मला ऐकू येतं, बरं का. दहा महिन्यांची, अठरा किलोंची, संध्याकाळ झाली की सोफ्यावरून पलंगावर आणि पलंगावरून थेट दारापर्यंत सुसाट सुटणारी गावठी पोर आहे ती. तिला शांत म्हणून लिहिलंस, तर शांत कुत्रं शोधणारं घरच तुला फोन करणार. माणसं चांगली असतील, तीही मायाळू असेल, आणि तरी महिन्याभरात 'आम्हाला नाही जमत हो' म्हणून परत येईल.

तुला खूप फोन यायला हवेत असं वाटतंय ना? मला उलटं वाटतं. दहा जणांनी जाहिरात वाचावी, आठ जणांनी 'हे आपलं काम नव्हे' म्हणून पुढे सरकावं, आणि उरलेल्या दोघांनी विचार करून फोन करावा. तर ती जाहिरात चांगली झाली असं मी म्हणेन.

आणि तिच्यात काही बिघडलेलं नाही, हे आधी तुला स्वतःला पटू दे, म्हणजे समोरच्याला ठामपणे सांगता येईल. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत कुत्र्याचं अडनिडं वय चालतं. दुधाचे दात जाऊन ४२ पक्के दात आलेले असतात, अंगात बळ भरलेलं असतं, अक्कल मात्र अजून वाटेत असते. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी याच वयाचा अभ्यास केला होता, २०२० साली तो प्रसिद्ध झाला. अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवलेली पिल्लं होती ती, म्हणजे निवडक, शहाणी. पाच महिन्यांची असताना आणि परत आठ महिन्यांची झाल्यावर त्यांना 'बस' म्हणून पाहिलं. आठव्या महिन्यात ती आपल्या माणसाचं ऐकेनाशी झाली होती. अनोळखी माणसाने सांगितलं तर मात्र बसत होती! वर्षाची होईपर्यंत बरीच वळणावर आली. तेव्हा भिंगरी तुला दाद देत नाही आणि वॉचमनकाकांसमोर शहाण्यासारखी बसते, हे मनाला लावून घेऊ नकोस.

पण यातली मेख लक्षात घे. नव्या घरी ती पहिले आठ-पंधरा दिवस पाहुण्यासारखी नीट वागेल. तिथली माणसं तिला आपली वाटायला लागली, की मग खरी भिंगरी बाहेर पडेल. घेणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेव. नाहीतर त्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं आणि कुत्रं बिघडलं.

जाहिरात मी लिहिली असती तर अशी:

'भिंगरी. गावठी, मादी, वय सुमारे १० महिने, वजन १८ किलो. नसबंदी झालेली. रेबीज आणि नाइन-इन-वन लसी पूर्ण. सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन तास बाहेर न्यावं लागतं, पावसातसुद्धा. चपला अजून चावते. संध्याकाळी सातच्या सुमाराला अर्धा तास धिंगाणा. तीन तास एकटी राहते, सहा तास नाही. कुत्र्यांशी छान जमतं, मांजराच्या मागे लागते. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर नको. चावत नाही, पण आनंदाच्या भरात पाडते. रोज टेकडी चढणाऱ्या माणसाला हिच्यासारखी सोबत मिळायची नाही.'

बघ, यात एकही विशेषण तुझ्या मायेतून आलेलं नाही, तरी शेवटची ओळ वाचून कुणीतरी जागचं उठेल. फोटो एक पुरे, डोळे स्वच्छ दिसतील असा. गॉगल घातलेला, फेटा बांधलेला नको. आणि तिच्या सातच्या धिंगाण्याचा व्हिडिओ टाक. तो पाहून जो हसेल त्याला फोन करू दे.

आता, असं लिहायचं तर आधी तुला ते माहीत हवं. एक आठवडा वहीत तिचा दिवस लिही. कधी उठते, कधी झोपते, कशाने बिथरते. कुकरची शिट्टी, लिफ्ट, स्कूटर, छत्री, काठी घेतलेला माणूस, रांगणारं बाळ, यातलं तिला काय चालतं? एकटी ठेवून बाहेर जा आणि मोबाइल घरात रेकॉर्डिंगला लावून ठेव. दार बंद झाल्यावर अर्ध्या तासात झोपते की दारच खरवडत बसते, हे फार महत्त्वाचं आहे. या वयाचं निरोगी कुत्रं दिवसाचा पुष्कळ वेळ झोपेत काढतं. ही जर कधी आडवीच होत नसेल, सारखी येरझाऱ्या घालत असेल, तर ती मस्ती नाही, अस्वस्थता आहे. तिला डॉक्टरांना दाखव. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याची गोचिडांच्या तापासाठी रक्ततपासणी तशीही करून घ्यावी. दुखणं अंगात ठेवून कुत्रं कुणाच्या घरी पाठवू नये.

आणि नुसती पळवत सुटू नकोस तिला. रोज तासभर पळवलंस की ती दमत नाही, तिचा दमसास वाढतो. मग पुढच्या महिन्यात दीड तास लागतो. त्यापेक्षा वास घेऊ दे. फिरायला नेल्यावर प्रत्येक खांबापाशी थांबायची मुभा दे. तिचं खाणं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दे, शोधून खाऊ दे. वीस मिनिटं नाक आणि डोकं चाललं की ती आपणहून आडवी होते. एक गोणपाट अंथर आणि त्यावर बसून राहिलं की खाऊ मिळतो एवढं शिकव. खरं सांगू, तिला एकेक गोष्ट आली की घरांचा एकेक दरवाजा उघडतो. पाहुण्यांच्या अंगावर उडी न मारणं आलं, की आजी-आजोबा असलेली घरं उघडली. पट्टा न ओढता चालणं आलं, की अंगाने बारीक असलेली बाईसुद्धा तिला घेऊ शकते. तुझ्याकडे आहे तेवढ्या दिवसांत तिला एवढं शिकवलंस, तर जाहिरातीपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

मग फोन यायला लागतील. 'आम्हाला कुत्री फार आवडतात' हे वाक्य तू इतक्यांदा ऐकशील की कान किटतील. कुणी खोटं नसतं बोलत गं. पण आवडणं आणि पावणेसहाला उठणं यांचा काही संबंध नाही. म्हणून प्रेम विचारू नकोस, मंगळवार विचार. रविवारी सगळ्यांचंच घर कुत्र्यासाठी चांगलं असतं. 'मंगळवारी सकाळी साडेसहाला तुमच्याकडे कोण जागं असतं? दुपारी बाराला घरात कोण असतं? संध्याकाळी सातला?' एवढे तीन प्रश्न गप्पा मारता मारता विचार आणि ऐकत राहा. जे घर तुला दिवस नीट उलगडून सांगू शकतं, त्या घरात भिंगरीला जागा कुठे आहे ते तुला तिथल्या तिथे दिसेल. 'अहो, होईल ॲडजस्ट' असं उत्तर आलं तर समज, ॲडजस्ट तिलाच व्हायचंय.

आणखी काही विचारायचं. घर स्वतःचं की भाड्याचं, आणि भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का? सोसायटीत कुरकुर असेल तर घाबरून नाही म्हणू नकोस. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, लिफ्टही अडवता येत नाही. केंद्राच्या पशू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचना तसं सांगतात. पण त्या कुटुंबाला रोज जिन्यात भांडायची ताकद आहे का, हा प्रश्न उरतोच. घरातले सगळे तयार आहेत का? फोनवर बोलणारा नव्हे, फरशी पुसणारा काय म्हणतो ते विचार. स्वयंपाकाच्या, धुण्याभांड्याच्या मावशी कुत्र्याला घाबरतात का? हा प्रश्न कुणी विचारत नाही. मग मावशी आल्या की रोज दोन तास कुत्रं बाल्कनीत कोंडलं जातं, आणि पुढे एक तर मावशी जातात नाहीतर कुत्रं. खाण्याचंही विचार, संकोच नको. पुण्यात कितीतरी घरांत अंडंसुद्धा चालत नाही. तो त्यांचा आचार, पण धावणारी अठरा किलोंची पोर दूध-पोळीवर वाढत नाही. अंडी-चिकन नसेल चालत तर पिशवीतलं तयार खाद्य चालेल ना, एवढं पक्कं कर. आणि दर वर्षी मे महिन्यात गावाला जाता तेव्हा काय, हेही.

'मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय' म्हणाले तर गोड बोलून फोन ठेव. मूल दहा वर्षांचं असेल आणि 'मी फिरवीन' म्हणत असेल, तर त्याचं कौतुक कर आणि आईला विचार, 'तो परीक्षेच्या दिवसांत नाही म्हणाला तर?' घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला हे कुत्रं स्वतःसाठी हवं असायला हवं.

तुझ्या डोळ्यापुढे बंगला आहे, मला ठाऊक आहे. अंगण, हिरवळ, धावायला मोकळी जागा. अगं, रिकाम्या अंगणात कुत्रं एकटं धावत नाही. फाटकापाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतं, मग शेजारी तक्रार करतात, मग साखळी येते. वन-बीएचकेतलं कुत्रं नाइलाजाने का होईना दिवसातून तीनदा रस्ता बघतं. जागेचे चौरस फूट मोजू नकोस, तिच्यासोबत कोण किती वेळ आहे ते मोज. फार्महाउसवाले आले तर दुप्पट चौकशी कर. मालक शनिवार-रविवार येणार, बाकी पाच दिवस रखवालदाराच्या भरवशावर, तर ते घर नव्हे, नोकरी झाली. आणि जुन्नर, अकोले पट्ट्यात रात्री बाहेर राहणारं कुत्रं म्हणजे बिबट्याचं सोपं भक्ष्य. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. शेतावरचं घर वाईट असं नाही. रात्री ती कुठे झोपणार, हे विचारायचं.

तसंच, 'म्हातारी माणसं नकोत, तरुण जोडपं हवं' हा हट्टही सोड. आयटीतलं तरुण जोडपं सकाळी आठला निघून रात्री आठला येत असेल, तर त्यांची तरुणाई भिंगरीच्या काय कामाची? याउलट रोज पहाटे तळजाईला नाहीतर वेताळ टेकडीवर जाणारे निवृत्त काका तिला दोन तास आनंदाने फिरवतील. टेकडीवर मोर दिसला तर ही हिसडा मारणार, तेव्हा त्यांचे गुडघे आणि तिचं ओढणं याचा विचार कर. आणि काका आजारी पडले तर पट्टा कुणाच्या हातात, हे त्यांच्या मुलाला किंवा सुनेला समोर बसवून विचार. ज्या घरी आधीच एखादं मजेत राहणारं, मध्यमवयाचं कुत्रं आहे तिथे भिंगरीचं फार छान जमू शकतं. पण तिथलं कुत्रं बारा वर्षांचं, सांधे दुखणारं असेल तर त्याच्या म्हातारपणी हे वादळ घालू नकोस.

भेट कशी घडवायची तेही सांगते. पहिली भेट घरात नको, बाहेर. सगळ्यांनी मिळून अर्धा तास चालायचं. थोड्या वेळाने पट्टा त्यांच्या हातात दे आणि तू मागे राहा. ती ओढेल, गरकन फिरेल, पायात पट्टा गुंडाळेल. तेव्हा त्या माणसाचा हात बघ. झटका देतो, ओरडतो, का हसून थांबतो? तासभर गोड बोलण्यातून जे कळत नाही ते इथे दोन मिनिटांत कळतं. दुसरी भेट त्यांच्या घरी, आणि मुद्दाम संध्याकाळी सातला. लोक काय करतात, कुत्र्याला आधी भरपूर फिरवून, दमवून नेतात, म्हणजे ते तिथे गुणी बाळासारखं झोपतं. तू असं करू नकोस. तिचा धिंगाणा त्यांच्या दिवाणखान्यात होऊ दे. फुलदाणी हलली की घरातल्या आजींचा चेहरा बघ. तू तेवढ्यात बाल्कनीचे गज, फाटकाखालची फट, दार कोणत्या बाजूला उघडतं, हे पाहून घे. कुणी म्हणेल, 'एवढी चौकशी तर लग्नाच्या स्थळाची नाही करत हो!' हसायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचा.

ठरलं, तर कागद कर. ओळखपत्राची प्रत, पत्ता, लसीची वही, नसबंदीचा दाखला, आणि त्यात एक ओळ ठळक: 'सांभाळणं शक्य झालं नाही तर कुत्री परत माझ्याकडेच आणून देईन, परस्पर कुणाला देणार नाही, सोडणार नाही.' कायदा आहे, नाही असं नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळीव जनावर विनाकारण वाऱ्यावर सोडून देणं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात म्हटलं, की दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. तरीही त्या माणसाला मध्यरात्री तुला फोन करायला लाज वाटू नये, हाच भिंगरीचा खरा विमा आहे. म्हणून सही घेताना दरडावू नकोस. 'नाही जमलं तर मी एका शब्दाने बोलणार नाही, फक्त मला सांगा,' असं म्हण, आणि ते पाळ.

पहिले पंधरा दिवस 'बघू जमतंय का' असे ठेव. आणि मुहूर्त नीट बघ, दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात अजिबात नाही. नव्या घरातून फटाक्यांना घाबरून पळालेल्या कुत्र्याला परत यायची वाट माहीत नसते. त्यांच्याकडे गणपती बसणार असतील, लग्नकार्य असेल, तरी थांब. देताना गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस दोन्ही हवं, आणि दोर दोन्हींत अडकवलेला. पट्ट्यावर फोन नंबर. चिप बसवली असेल तर तिचा १५ आकडी क्रमांक कागदावर लिही, आणि चिप म्हणजे जीपीएस नव्हे हेही सांग, लोकांचा तसा समज असतो. तिची चादर न धुता दे, निदान आठवडाभर खाणं तेच राहू दे. महापालिकेचा परवाना काढायची आठवण कर.

या कामातले लोक एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत कळायचे, तीन महिने आपलं वाटायचे. काटेकोर नाही, पण नव्या माणसाला धीर द्यायला बरा. तू तिसऱ्या दिवशी फोन कर, मग तिसऱ्या आठवड्यात. रोज व्हिडिओ मागू नकोस. आणि फोनवर 'कशी आहे?' विचारलंस तर 'मस्त' एवढंच उत्तर येतं. 'आज काय चावलं?' विचार, म्हणजे बोलतील.

परत आली तर? आली तर आली. कुठे अडलं ते शांतपणे विचारून वहीत लिही, पुढच्या घराला सांगायला उपयोगी पडेल. तिला 'नाकारलेली' म्हणू नकोस, त्यांनाही नावं ठेवू नकोस. तुझ्या रागाची गोष्ट पसरली तर पुढचं कुटुंब परत आणण्याऐवजी तिला कुठेतरी लांब सोडून येईल.

आता तुझ्याबद्दल बोलते, रागावू नकोस. गेल्या वेळी तू मला दोन घरं सांगितलीस आणि दोन्हींत खोट काढलीस. एकांचा जिना अरुंद, दुसऱ्यांचं बोलणं कोरडं. कोरडं बोलणारी माणसं कुत्र्याशी फार गोड बोलतात कधी कधी. तू प्रत्येक घर तुझ्या घराशी ताडून बघतेयस, आणि तुझ्या घराला भिंगरीने आधीच पास केलंय, मग दुसरं कसं पास होणार? तिला ठेवून घ्यायची असेल तर खुशाल ठेव, त्यात कमीपणा नाही. पण तुझाही मंगळवार स्वतःला विचार. साडेसहाला कोण? बाराला कोण? सातला कोण? ही गावठी पोरं जपली तर तेरा-चौदा वर्षंसुद्धा जगतात. तेवढ्या मंगळवारांचा हिशेब लागत असेल तर तोच कागद काढ आणि स्वतःची सही कर. लागत नसेल, तर ज्या घराचा दिवस तिच्या दिवसाशी जुळतो, त्या घराला हो म्हण. सगळं जुळणारं घर नसतं, आणि तिला ते लागतही नाही. आणि एकदा हो म्हटलंस की पुढचे फोन घेणं बंद कर.